परातकमळाचं बी

बी उगवलं नाही, हे घरात कोणी कोणाला सांगितलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, आणि जेवणाची ताटं वाढेपर्यंत ते कोणामुळे उगवलं नाही हेही ठरून गेलं होतं.

थोरल्या सुनेमुळे. दुसरं कोण असणार? बरणी तिच्या ताब्यात होती.

बागेच्या आवारातल्या या घरात सून आली की तिला बाकी काय मिळालं हे कोणी विचारत नसे. बरणी मिळाली का, एवढंच विचारत. कमळघराच्या तळ्यातलं परातकमळ म्हणजे परातीसारखी कड उभी असलेली भलीमोठी पानं; त्याचं फळ पिकायचं ते पाण्याखालीच. काटेरी, चिखलानं माखलेलं, हाताला धरवत नाही असं. ते फोडून त्यातलं वाटाण्याएवढं काळपट बी वेचायचं, धुवायचं आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत घालून पुढच्या पेरणीपर्यंत गार, अंधाऱ्या कपाटात सांभाळायचं. बी कोरडं पडलं की मेलं. पाणी नासलं की मेलं. तळं पुरुषांकडे आणि बरणी बायकांकडे, ही वाटणी आजेसासऱ्यांनी तळं खोदलं तेव्हापासूनची. सासूबाईंनी थोरलीच्या हातात बरणी दिली तेव्हा थोरली नुकतीच बागेच्या बीजघरात नोकरीला लागली होती. बीजघरातल्या शेकडो बरण्या एकीकडे आणि घरातली ही एक एकीकडे. हिचं पाणी बदलताना ती अजून बिया दोनदा मोजायची.

आणि आता जेवताना धाकटा दीर म्हणाला, की वहिनी, एखाद्या वेळी पाणी बदलायचं राहून गेलं असेल, होतं माणसाकडून. धाकटा ऑर्किडघराचा प्रमुख. बोलणं मुळातच गोड, त्यामुळे त्याचा टोमणा लागला की नाही हे समोरच्याला उशिरा कळायचं. थोरलीला लगेच कळलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तळं ज्याच्या हाताखाली होतं तो थोरला ताटातल्या भाताकडे असा बघत होता जणू पेरणी तिथेच करायची होती. तिला दिरापेक्षा त्याचाच राग जास्त आला.

आबा, म्हणजे सासरे, जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले आणि उठले.

आबांचं दुखणं पोटाचं नव्हतं, हे आईंना, म्हणजे सासूबाईंना ठाऊक होतं. सकाळीच नव्या संचालक बाईंनी आबांना बोलावून, खुर्ची देऊन, अतिशय अदबीनं सांगितलं होतं की माणसं लांबून येतात ती परातकमळाचं पान बघायला, आणि तळं रिकामं ठेवता येणार नाही. हंगाम सुरू व्हायच्या आत रोपं लागली नाहीत तर तिथे कारंजं बसवू. रंगीत दिव्यांचं. गाण्यावर नाचणारं.

आबा निवृत्त झाले होते, पण ते फक्त कागदोपत्री. रोज उजाडता उजाडता ते बाग फिरून येत. उंच ताडांची रांग, बुटक्या सायकसांचा उतार, छत्रीसारखे वृक्षनेचे, खोडालाच तोफेच्या गोळ्यांएवढी फळं धरणारं ते अवाढव्य झाड. प्रत्येकाशी दोन मिनिटं थांबायचं, खोडावर हात ठेवायचा. ही बाग नव्हे, हा संग्रह आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. नुसती हिरवळ कोणीही लावतं. ज्या झाडाचं मूळगाव सांगता येतं, कोणत्या नदीकाठचं, कोणी आणलं, कोणत्या झाडाचं पोर, तेच संग्रहात बसतं. पाटीवर मूळगाव लिहिता येत नसेल तर झाड कितीही देखणं असो, आबा त्याला कुंपणापाशी लावत. या बाबतीत त्यांनी एका मंत्र्यांनी भेट दिलेलं रोपही सोडलं नव्हतं.

आणि परातकमळ म्हणजे त्या संग्रहाच्या डोक्यावरचा तुरा. कितीतरी बागांना आबांनी आणि त्यांच्या वडिलांनी त्याचं बी दिलं होतं. दिलं, घेतलं कधीच नाही. फूल संध्याकाळी उमलायचं, पहिल्या दिवशी पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. गुलाबी फुलातले पराग कुंचल्यानं पांढऱ्यात भरायचे, ते आपल्याच तळ्यातले, आणि वर लगेच कापडाची टोपी बांधायची. बाहेरचा कण आत जाता कामा नये. आमच्या तळ्यात मागून आणलेलं काही नाही, हे सांगताना आबांचा आवाज एक पट्टी चढायचा.

ह्याच वाक्यावर त्यांचं आणि चिमणीचं फाटलं होतं. चिमणी म्हणजे घरातली मधली, एकुलती एक मुलगी. वनस्पतीशास्त्र शिकून आली आणि आल्या आल्या म्हणाली, आबा, पानं लहान होताहेत, बाहेरचे पराग आणू या. आबा म्हणाले, पानं आहेत तेवढीच आहेत, तुझीच नजर शिकून मोठी झालीय. तळ्यात उतरू द्या म्हणाली तर म्हणाले, तळं पुरुषांकडे. चिमणीनं वाद घातला नाही. दूरच्या शहरातल्या बागेत नोकरी धरली आणि गेली. जाताना घरातलं एक बीसुद्धा नेलं नाही. त्यानंतर ती या घरात आली नव्हती; आईंशी फोनवर बोलायची तेवढंच.

जेवणं आटोपल्यावर थोरलीनं तिला फोन लावला. बी गेलं, म्हणाली. चिमणीनं विचारलं, किती? सगळं.

चिमणी म्हणाली, "वहिनी, एक सांगा. मला तुम्ही बोलावताय की आबा?"

"मी."

"बरं," चिमणी म्हणाली. "तरी येते."

बागेला सुट्टी असते त्या दिवशी आबांनी सगळ्यांना कमळघरात बोलावलं. काय करायचं ते ठरवायला, असं ते म्हणाले; खरं तर त्यांना काहीच सुचत नव्हतं आणि एकटं बसवत नव्हतं. कमळघर म्हणजे पांढऱ्या लोखंडी खांबांवर पेललेलं काचेचं उंच छप्पर, खाली गोल तळं, आणि बाराही महिने अशी दमट ऊब की चष्मा पुसत बसावं. एरवी ह्या दिवसांत पाण्यावर भाल्याच्या टोकांसारखी पहिली पानं दिसायची. आता नुसतं काळं पाणी होतं. आबा काठाच्या खुर्चीवर बसले होते, आई त्यांच्या शेजारी. धाकटा सांगत होता की कारंज्याचंही एक बरं असतं, देखभाल कमी.

तेवढ्यात मागच्या दाराशी टेम्पो थांबला आणि चिमणी आत आली. केस कापलेले, हातात रबरी हातमोजे. आईंनी उठून तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आबा उठले नाहीत.

"हिला कोणी बोलावलं?" त्यांनी विचारलं.

थोरल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. थोरली पुढे झाली; आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"मी बोलावलं," ती म्हणाली.

चिमणीनं वाद सुरू होऊच दिला नाही. तिनं बरणी मागितली. झाकण काढून वास घेतला, पाणी उजेडात धरलं, पेरून उरलेल्या चार बिया तळहातावर घेऊन एकेक नखानं फोडली. आत गर नव्हताच म्हटलं तरी चालेल. पातळ, करडा, चिमटीत विरघळणारा. पाणी स्वच्छ आहे, ती म्हणाली, मला स्वतःलाही इतकं स्वच्छ ठेवता येत नाही. बरणीत काहीही चूक झालेली नाही. बी झाडावरच दुबळं धरलंय. हे सांगताना ती धाकट्याकडे बघत होती. धाकट्याला अचानक चष्मा पुसावासा वाटला.

थोरलीला वाटलं होतं की हे ऐकून तिला हायसं वाटेल. वाटलंही. पण आबांचा चेहरा बघून ते पुरतं वाटू शकलं नाही.

मग चिमणीनं कचेरीच्या भिंतीवरच्या तसबिरी काढून आणल्या आणि तळ्याच्या काठावर ओळीनं मांडल्या. या घरात मूल झालं की त्याला परातकमळाच्या पानावर बसवून फोटो काढायचा, हा प्रघात. पहिला फोटो मात्र मुलाचा नव्हता. आबांची आई तरुण असताना पानावर फळी टाकून चक्क उभी होती, बूट घालून, हातात छत्री. दुसऱ्यात शाळेच्या गणवेशातले आबा मांडी घालून बसले होते. तिसऱ्यात रांगता थोरला. चौथ्यात थोरल्याची लेक, जेमतेम मान धरायला लागलेली, आणि तिच्या वजनानं पानाची कड वाकून पाणी आत आलेलं, आबांचा हात तिला धरायला पुढे झालेला. त्या फोटोवर सगळं घर पोट धरून हसलं होतं. पोरीचं नाव त्या दिवसापासून 'गोणी' पडलं. आता ती बाहेरगावी इंजिनिअर व्हायला गेली होती आणि अजूनही गोणीच होती.

"ती जन्मली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, वजन कमी आहे, जपा," थोरली हळूच म्हणाली.

चारही फोटोंकडे सगळे बघत राहिले. पान थकत गेलं होतं आणि हे घर आपल्या पोरांना जाड म्हणत गेलं होतं.

आबांनी घसा खाकरला. म्हणाले, उजेड कमी झालाय, छताच्या काचा जुन्या झाल्यात, पानं तेवढ्यानंच लहान पडतात.

"काचा मी बदलल्यात, आबा." थोरला बोलला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण आबांसमोर तो असं वाक्य पुरं करत नसे. "सगळ्या. तुम्ही स्वतः उभे होतात. त्यानंतरही पान लहानच आलं. मला दिसत होतं. मी बोललो नाही."

मग तो बायकोकडे वळून म्हणाला, की त्या दिवशी जेवतानाही मी बोलायला हवं होतं. थोरलीनं मान फिरवली. त्याला इतक्यात माफ करायचा तिचा विचार नव्हता, पण त्याच्या शेजारी जाऊन उभी मात्र राहिली.

चिमणीनं टेम्पोतून टबं आणवली. वर ओलं गोणपाट, खाली पाणी आणि पाण्यात रोपं, प्रत्येकाला तळव्याएवढी तीन-चार तांबूस पानं. आबांनी आधी दुसरीकडे तोंड करून पाहिलं, मग तिरक्या नजरेनं, मग खुर्चीवरून उठले. झाडाशी त्यांना भांडता येत नसे. टबाशी उकिडवे बसून त्यांनी पाण्यात हात घातला, पान उलटं केलं, खालच्या शिरा आणि काटे बोटांनी चाचपले. माती कुठली वापरलीस? पाणी किती ऊन ठेवलंस? कुंडी कधी बदललीस? चिमणी एकेकाचं उत्तर देत होती आणि तीही नकळत उकिडवी बसली होती. दोघांच्या पाठी एकसारख्या वाकल्या होत्या. थोरलीला वाटलं, बी गेलं नसतं तर हे बघायला मिळालं नसतं.

"शिरा जाड आहेत," आबा म्हणाले. "हाताला लागतात. आमच्या रोपांना हल्ली अशा..." आणि ते थांबले. मग म्हणाले, "चांगली वाढवलीस."

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलंही नाही.

आता सगळं सुरळीत होणार, एवढ्यात धाकट्यानं विचारलं, मूळ बी कुठलं? चिमणी म्हणाली, आजोबांनी एके काळी मी काम करते त्या बागेला इथलं बी दिलं होतं. त्यातून आलेल्या झाडावर मी आणखी एका बागेतल्या झाडाचे पराग धरले. ते थेट परातकमळाच्या मूळच्या नदीवरून आणलेलं झाड. म्हणजे ह्यात निम्मं आपलं, निम्मं बाहेरचं.

धाकट्याची कळी खुलली. मग प्रश्नच मिटला, तो म्हणाला. आजोबांचं बी फिरून घरी आलं. पाटी जुनीच राहू दे, आपल्या तळ्याची. बाहेरच्या निम्म्याचं कोणाला काय पडलंय? कोणी विचारलं तर सांगू, घरचंच आहे, आणि ते खोटंही नाही.

आबांनी मोठा श्वास सोडला. "बरोबर बोलतोय तो," ते म्हणाले. "जुनीच पाटी ठेवा."

चिमणी उभी राहिली. तिनं गोणपाट उचललं आणि टबावर परत पसरायला लागली.

"मग मी नेते ही परत," ती म्हणाली. "मूळगाव खोटं लिहायचं असेल तर आबा, कारंजंच बरं. त्याला मूळगाव नसतं."

आबा ताडकन उभे राहिले. त्यांचा आवाज काचांपर्यंत गेला. ह्या तळ्यात माझ्या वडिलांनी कधी कोणापुढे हात पसरला नाही, मी पसरला नाही, आणि आता म्हातारपणी पाटीवर लिहू, की मागून आणलं? येणारी माणसं वाचतील ते. चिमणी एकामागून एक टब झाकत राहिली. थोरला तिच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला, पण तिला काय सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. शेवटचं टब झाकलं की ही रोपं जाणार, ही मुलगी जाणार आणि या खेपेला परत येणार नाही, हे थोरलीला लख्ख दिसलं. बरणीचा डाग तर केव्हाच धुतला गेला होता. तिला गप्प बसता आलं असतं.

"आबा," ती म्हणाली, "मलाही मागूनच आणलंय की."

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही स्वतः आला होतात माझ्या वडिलांकडे. ते नाही म्हणाले. पुन्हा आलात. त्यांच्या ओसरीवर चप्पल काढून बसलात आणि म्हणालात, तुमची मुलगी आमच्या घरी द्या, आमच्या घराला तिची गरज आहे. आतल्या खोलीत मी ऐकत होते. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. एवढा मोठा माणूस, आणि मला मागतोय. आज तुम्ही म्हणताय मागणं कमीपणाचं. मग माझं काय समजायचं मी?"

तिचा आवाज शेवटी फुटला, पण वाक्य तिनं पुरं केलं.

आईंनी शांतपणे सांगितलं, की माझ्या वेळी तर यांचे वडील तीनदा आले होते. तिसऱ्या खेपेला पावसात भिजत. आमच्या घरी सगळ्यांना त्यांची दया आली, म्हणून मी इथे आहे.

थोरला आधी हसला, मग चिमणी. धाकट्यानं हसू दाबलं, ते नाकातून आलं. आबा हसले नाहीत. ते पाठ फिरवून तळ्याच्या काठानं चालू लागले. पूर्ण फेरी मारली, सावकाश, रोज झाडांपुढे थांबत तसे अधूनमधून थांबत. काठावरच्या फोटोंपाशी आले तेव्हा स्वतःच्या आईच्या छत्रीवाल्या फोटोपुढे उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला होता, पण आवाज नेहमीचा होता.

त्यांनी थोरल्याला कमरेपर्यंतचे रबरी बूट आणायला सांगितलं. दोन जोड.

थोरला बूट घेऊन आला आणि स्वतःचे पाय घालायला लागला, तर आबांनी त्याला थांबवलं.

"तू नाही," ते म्हणाले. "ह्या दोघी."

थोरलीला ते ऐकून क्षणभर काही कळेना. या तळ्यात आजवर घरातली बाई उतरली नव्हती. चिमणीनं लहानपणी हट्ट केला होता, रडली होती, तेव्हासुद्धा नाही. बूट दोघींनाही मोठे झाले. थोरल्यानं खाली वाकून बायकोच्या बुटांचे पट्टे आवळले आणि हळूच विचारलं, अजून राग आहे का? आहे, ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून पाण्यात उतरली.

पाणी कोमट होतं. तळाचा चिखल इतका मऊ की पाऊल कुठे थांबेल ते समजत नव्हतं. चिमणीनं पहिलं रोप तिच्याकडे दिलं. थोरलीनं खाली बुडवलेल्या मोठ्या कुंडीत हातानं खळगा केला आणि मुळं त्यात सोडली. इतकी वर्षं बरणीतलं बी दुसऱ्याच्या हाती देऊन ती काठावर उभी राहायची. त्याचं पुढे काय होतं हे तिनं आज पहिल्यांदा हातानं पाहिलं.

मागचं दार उघडं दिसलं म्हणून की आवाज ऐकून, कोण जाणे, संचालक बाई आत आल्या. पाण्यावरची तांबूस पानं बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आबांचं मनापासून अभिनंदन केलं. म्हणाल्या, शेवटी तुमच्या घरचंच बी कामी आलं म्हणायचं.

सगळे आबांकडे बघू लागले. पाण्यात चिमणीचा हात थांबला.

"नाही," आबा म्हणाले. ते ताठ उभे होते आणि आवाज एक पट्टी चढलेला होता. "निम्मं आमचं. निम्मं बाहेरचं आहे, आणि ते मी मागून घेतलंय. माझ्या मुलीकडून. पाटीवर तसंच येईल, दोन्ही मूळगावं. तुम्ही फक्त पाटी जरा मोठी करून द्या."

संचालक बाईंनी विचारलं, त्या कुठे असतात?

आबांनी तळ्याकडे हात केला, जिथे दोन बायका कमरेइतक्या गढूळ पाण्यात वाकून उभ्या होत्या. "ती डावीकडची माझी मुलगी. दुसऱ्या बागेतल्या सगळ्या पाणवनस्पती तिच्या हाताखाली आहेत. आणि शेजारी आहेत त्या आमच्या बीजघराच्या बाई. ह्या घराचं बी त्यांनीच सांभाळलंय. त्यांच्या हाताला आजवर दोष लागलेला नाही."

थोरलीनं मान वर केली. तिला सासऱ्यांकडे बघायचं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोन्ही हात चिखलात होते, त्यामुळे पुसताही येईना. चिमणीनं पाण्याखाली तिची बोटं घट्ट धरली.

"बघत काय बसलात?" काठावरून आबा ओरडले. "रोप तिरकं लागतंय."

रोप मुळीच तिरकं नव्हतं. तरी दोघींनी मिळून ते सरळ केलं.